रविवारीही ड्यूटी, पावसात मात्र सुट्टी!

दोस्तांनो, एक कोडं घालू?

हातात घड्याळ नाही. भिंतीवर घड्याळ नाही. मोबाइल तर नाहीच नाही! तरी रोज सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला कामावर हजर. दुपार कलली की दुकान बंद. रविवारची सुट्टी नाही, दिवाळीची नाही, मे महिन्याची तर मुळीच नाही. पण आभाळ भरून आलं, की कुणालाही न विचारता खुशाल दांडी!

ओळखा पाहू, कोण?

पीटीचे सर? छे! पोस्टमनकाका? तेही नाहीत. ते बिचारे रेनकोट घालून पावसातसुद्धा येतात.

हरलात? मग जरा गॅलरीत डोकावा. तुमच्या, नाहीतर शेजारच्या काकूंच्या. रंगाच्या रिकाम्या डब्यात किंवा आडव्या कापलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत एक बुटकं झाड दिसेल. झाड कसलं, नुसत्या लुसलुशीत फांद्या! त्या डब्यात मावतच नाहीत. काठावरून खाली ओघळतात आणि हवेत लोंबकळत बसतात. प्रत्येक फांदीच्या टोकाशी फूल. गुलाबी, पिवळं, केशरी, लाल, पांढरं. एखाद्यावर तर दोन रंगांचे पट्टेसुद्धा!

हेच ते. ऑफिस टाइम! कुणी याला चिनी गुलाब म्हणतं. नर्सरीवाले दादा पोर्तुलाका म्हणतात. केरळातली मुलं तर सरळ 'दहाचं फूल' म्हणून मोकळी होतात.

गंमत म्हणजे याचं गुलाबाशी काही नातं नाही. आणि चीनशी तर त्याहून नाही! मग हे आलं कुठून? सांगते, सांगते. आधी त्याच्या घड्याळाचा छडा लावू.

सकाळी सात वाजता बघाल तर कळी गच्च मिटलेली असते. टोकाला मात्र रंग डोकावत असतो. म्हणजे आज हिचा नंबर! ऊन गॅलरीत आलं की पाकळ्या सैल होऊ लागतात. तुम्ही आंघोळ करून, दप्तर भरून परत येता, तोवर कळीचं अर्धं फूल झालेलं असतं. पूर्ण उमललं की दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं. पाकळ्या इतक्या पातळ, की ऊन आरपार दिसावं!

पण याला वेळ कळते कशी?

खरं सांगू? त्याला वेळ कळतच नाही. त्याला ऊन कळतं! उजेड आणि ऊब. जपानमधल्या शास्त्रज्ञांनी पोर्तुलाकाच्या कळ्यांवर प्रयोग केले. ऊब मिळाली, की कळ्या उघडायला लागायच्या. गारव्यात ठेवल्या, की रेंगाळायच्या. डिसेंबरातल्या सकाळी आईने तीनदा हाका मारूनही आपण पांघरूण सोडत नाही ना? अगदी तस्संच!

म्हणजे तुमची गॅलरी पूर्वेला असेल, तर तुमचं ऑफिस लवकर उघडणार. पश्चिमेला असेल, तर साहेब उशिरा येणार. आणि ढगाळ दिवशी? ऊन नाही, ऊब नाही, मग उठायचं कशाला! तसंही पावसात मधमाश्या फिरकत नाहीत, आणि फुलातली परागांची भुकटी भिजली तर फुकट जायची. मिटून बसलेलंच बरं.

खात्री करून घ्यायची आहे? एकाच वयाच्या कळ्या असलेल्या दोन कुंड्या घ्या. सकाळी एक उन्हात ठेवा, दुसरी घरातल्या गार कोपऱ्यात. मग नुसतं बघत राहा, कोण आधी उठतं ते!

आता एक जरा हळहळ वाटेल अशी गोष्ट. हे फूल एकदाच उघडतं. फक्त एकदा! आज दुपारी मिटलं की संपलं. उद्या दिसेल ते दुसरंच फूल. विश्वास बसत नसेल तर आजच्या फुलाच्या देठाला दोरा बांधून ठेवा. उद्या दोऱ्यापाशी काय सापडेल? पाकळ्यांचा ओला, चिकट गोळा! कागद पाण्यात भिजल्यावर त्याचा लगदा होतो ना, तसा. पण शेजारी पुढची कळी तयारच असते. एका फांदीच्या टोकाशी कळ्यांचा झुपका असतो आणि त्या पाळीपाळीने उमलतात. म्हणून आपल्याला वाटतं, की तेच फूल रोज येतंय!

जाता जाता एक सांगून टाकते. स्वीडनमध्ये कार्ल लिनियस नावाचे मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ होऊन गेले. कोणतं फूल किती वाजता उघडतं आणि मिटतं, याची यादी त्यांनी १७५१ साली छापली होती. फुलांचं घड्याळ! तशी फुलं ओळीने लावायची, आणि बागेत नजर टाकून वेळ सांगायची. आपणही आपल्या अंगणाचं असं घड्याळ करू शकतो. सकाळी ऑफिस टाइम, भर दुपारी 'दुपारी' नावाचंच लाल फूल, चार-पाचला गुलबक्षी, आणि अंधार पडल्यावर रातराणी. मिनिटकाटा मात्र मागू नका हं!

गुदगुल्या करून बघा!

आता हातात एक वाळलेली गवताची काडी घ्या. दात कोरायची काडी चालेल, पण टोक बोथट करून. सकाळी छान उन्हात, नुकत्याच उमललेल्या फुलापाशी बसा. एकेरी पाकळ्यांचं फूल निवडा.

फुलाच्या मधोमध बारीक बारीक दोऱ्यांचा झुपका दिसतो? प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला पिवळी बोंडं? ते पुंकेसर. परागांची भुकटी त्यांच्यावरच असते.

काडीने त्या झुपक्याला एका बाजूने अगदी हलकेच स्पर्श करा. आणि काडी बाजूला घ्या.

बघताय? हलले! पुंकेसर हलले! वारा नाही, कुणी फुंकर मारली नाही, तरी सगळा झुपका झुकायला लागला. आणि कुठे झुकतोय सांगा. दूर नाही पळत. जिकडून स्पर्श झाला, तिकडेच!

लाजाळू आपल्याला घाबरून पानं मिटतं. हे पठ्ठं उलटं करतं. हात लावला की गळ्यात पडायला येतं!

असं का बरं? विचार करा, रोज त्या झुपक्याला कोण हात लावतं? मधमाशी! ती फुलात घुसली, की पुंकेसर तिच्या अंगावर झुकतात आणि तिला पिवळी भुकटी फासतात. धुळवडीला कोपऱ्यावर दबा धरून बसलेली मुलं आठवा. कुणी जवळून गेलं रे गेलं, की फासला रंग! रंगलेली माशी पुढच्या फुलावर जाते, भुकटी तिथे पोचते आणि बी धरते.

एवढीशी कुंडी, आणि तिच्यात हे सगळं चालू! मला विचाराल तर महागड्या गुलाबापेक्षा मला हे फूल जास्त आवडतं. गुलाब नुसता बघायचा. याच्याशी खेळता येतं.

गाव कुठलं?

चला, आता पत्ता शोधू. नकाशा काढा. दक्षिण अमेरिका. तिथे खाली, लांबुडका अर्जेंटिना देश सापडला? त्याच्या डाव्या कडेला अँडीज पर्वताची रांग आहे. त्या पर्वताच्या पायथ्याशी मेंडोझा नावाचं शहर आहे. तिथला भाग कोरडा. पाऊस थोडका, माती रेताड, ऊन कडक.

सुमारे दोनशे वर्षांपूर्वी जॉन गिलीज नावाचे एक स्कॉटिश डॉक्टर मेंडोझात राहत होते. त्यांना झाडाझुडपांचा भारी नाद! मेंडोझाच्या वाटेवर त्यांना हे झाड दिसलं. एखाददुसरं नाही, मैदानंच्या मैदानं! जमीन जांभळट रंगाने रंगलेली आणि मध्ये मध्ये केशरी ठिपके. त्यांनी हे झाड ब्रिटनला पोचवलं, आणि १८२९ साली विल्यम हुकर यांनी त्याचं चित्रासह वर्णन छापलं. नाव ठेवलं पोर्तुलाका ग्रँडिफ्लोरा, म्हणजे मोठ्या फुलांची पोर्तुलाका. तिथून ते जगभर गेलं, आणि फिरत फिरत आपल्या गॅलरीत येऊन लोंबकळायला लागलं.

हे गाव नीट लक्षात ठेवा हं. कोरडं, रेताड, उन्हाचं. याच्या सगळ्या सवयी तिथल्याच आहेत.

त्याचं पान हातात घेऊन बघा. टाचणीपेक्षा जाड, आगपेटीच्या काडीपेक्षा आखूड. बोटात धरून दाबा. पचकन पाणी! प्रत्येक पान म्हणजे एक छोटी वॉटरबॅग. तुम्ही सहलीला जाताना बाटली भरून घेता, हे झाड जन्मभर भरलेल्या बाटल्या अंगावर लटकवून बसतं.

पण नुसतं पाणी साठवून भागत नाही. ते उडून जाऊ नये, याचीही काळजी घ्यावी लागते. पानांवर डोळ्यांना न दिसणारी बारीक बारीक तोंडं असतात. त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. झाड या तोंडांतून हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू आत घेतं आणि उन्हाच्या जोरावर त्याची साखर करतं. तो त्याचा स्वयंपाक! गोची अशी, की वायू घ्यायला तोंड उघडलं, की आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पळतं.

मग निवडुंग काय करतं माहीत आहे? दिवसा तोंड घट्ट बंद! रात्री गार हवेत ते उघडतं, वायू आत घेतं आणि आंबट पदार्थाच्या रूपात साठवून ठेवतं. सकाळी ऊन आलं, की बंद दाराआड त्या साठ्यावर स्वयंपाक. भर उन्हात बाजाराला जायचंच नाही, बाजारहाट रात्रीच उरकायचा! अननसही असंच करतं.

ऊस, मका, ज्वारी, बाजरी यांची युक्ती निराळी. त्यांच्या स्वयंपाकघरात दोन माणसं असतात असं समजा. एक भराभर चिरून देतो, दुसरा लगेच फोडणीला टाकतो. त्यामुळे कडक उन्हातही काम झपाट्याने होतं.

बहुतेक झाडांकडे यातली एकही युक्ती नसते. काहींकडे एखादी असते. आणि आपल्या ऑफिस टाइमकडे? दोन्ही! पाणी असलं की उसासारखा झपाटा. पाणी तुटलं की निवडुंगासारखी रात्रपाळी!

ही हुशारी त्याच्या घराण्यातच आहे. त्याची एक बहीण तुम्ही बहुधा खाल्लीसुद्धा असेल. डाळ घालून केलेली घोळीची भाजी! घोळ आणि ऑफिस टाइम ही एकाच पोर्तुलाका घराण्यातली. उन्हाळ्यात बाजारात येणारी बारीक पानांची चिवळ, तीही याच घरची. घोळीची भाजी थोडी आंबूस लागते ना? त्या आंबटपणात रात्रीच्या साठ्याचाही वाटा असतो. म्हणून पहाटे खुडलेली घोळ जास्त आंबट लागते. याच घोळीत या दोन्ही युक्त्या एकाच पेशीत, म्हणजे एकाच इवल्याशा खोलीत चालतात, असं २०२२ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. आपण जिला शेतातलं तण म्हणून उपटून फेकतो, ती घोळ!

एक बजावून ठेवते. खायची ती घोळ. ऑफिस टाइम बघायचं. भाजीत घालायला जाऊ नका!

रंगाचीही एक खासियत आहे. जास्वंदीचा लाल, जांभळाचा जांभळा, गोकर्णाचा निळा, हे रंग एका प्रकारच्या रंगद्रव्याचे. ऑफिस टाइमचा गुलाबी त्यातला नव्हे. तो बिटाच्या जातीचा! लाल माठाच्या भाजीने भात गुलाबी होतो, तोही याच जातीचा. आणि निसर्गाचा नियम कसा बघा. ज्या झाडात एक प्रकार असतो, त्यात दुसरा कधी सापडत नाही. घरी पडताळा घ्या. पांढऱ्या कागदावर जास्वंदीची पाकळी चोळा. तिच्या शेजारी गुलाबी ऑफिस टाइमची पाकळी चोळा. दोन्ही डागांवर खायच्या सोड्याचं पाणी टाका. जास्वंदीचा डाग हिरवट-निळसर होऊ लागेल. दुसरा फारसा बदलणार नाही. आपल्याच गुर्मीत!

लावू या का?

नर्सरीत जायची गरज नाही. हे झाड विकत घ्यायचं नसतं, मागून आणायचं असतं! ज्यांच्याकडे आहे त्यांना म्हणा, "काकू, एक फांदी द्याल?" काकू एकीऐवजी चार देतील. कारण शेंडे खुडले, की त्यांच्या झाडाला बाजूने आणखी फांद्या फुटतात. तुमचंही काम, त्यांचंही काम!

फांदी तुमच्या बोटाएवढी असली तरी पुष्कळ. खालच्या अर्ध्या भागातली पानं काढून टाका. लगेच मातीत खोचू नका. दोन-चार तास सावलीत पडू द्या. खुडलेली जागा सुकते, आणि मग ती कुजत नाही. गुडघा फुटल्यावर खपली धरते ना, तसं.

माती कशी हवी? गाव आठवा! रेताड. एक वाटी साधी माती, एक वाटी जाडसर वाळू आणि अर्धी वाटी गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत. डब्याला खाली भोकं पाडायला विसरू नका. भोकं मोठ्यांकडून पाडून घ्या. फांदी दोन पेरं आत खोचा, भोवतीची माती दाबा, हलकं पाणी द्या. साधारण आठ-दहा दिवसांत मुळं धरतात. फांदी हळूच ओढून बघायचा मोह होईल. ओढू नका! नवं पान फुटलं की समजा, जमलं.

मग डबा भरपूर उन्हाच्या जागी ठेवा. निदान पाच-सहा तास ऊन हवंच. सावलीत ठेवलंत तर फांद्या लांबच लांब वाढतील, फुलं मात्र रुसतील. उंचावर टांगलंत तर फार छान. मग फांद्या चारी बाजूंनी ओघळतात.

आणि पाणी? इथेच सगळे फसतात! प्रेमाने रोज सकाळ-संध्याकाळ तांब्याभर ओततात, आणि झाड मरतं. लाड करून करून मरतं! त्यापेक्षा मातीत बोट खुपसा. बोटाचं दुसरं पेर कोरडं लागलं तरच पाणी. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात कदाचित रोज लागेल, कोकणातल्या दमट हवेत तितकं लागणार नाही. बोट सांगेल ते खरं.

पावसाळ्यात मात्र डबा छज्ज्याखाली किंवा पत्र्याखाली सरकवा. रेताड गावच्या पाहुण्याला आपला आषाढ कसा झेपायचा? मुळं कुजतात. फांद्यांवर कापसासारखे पांढरे ठिपके दिसले, तर तो पिठ्या ढेकूण. जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवा आणि घासून काढा. नर्सरीत चपट्या, रुंद पानांचं झाड मिळालं, तर फसवलं म्हणून भांडू नका! तेही पोर्तुलाकाच, दुसऱ्या जातीचं. काळजी तीच.

बियांपासूनही लावता येतं. फूल वाळलं, की खाली एक टप्पोरी बोंडी राहते. ती पिकली की तिचं टोक बोटाने हळूच उचला. टिच! अख्खं झाकण निघून हातात येतं, थेट कुंकवाच्या करंड्यासारखं! आत चमचमणारे राखाडी दाणे. किती बारीक? एका ग्रॅममध्ये सुमारे १०,००० मावतात! श्वास रोखून धरा, नाहीतर शिंकेसरशी सगळी बाग उडून जाईल. हे बी मातीवर नुसतं भुरभुरा, पुरू नका. त्याला रुजायला उजेड लागतो. वरून पाणी ओतू नका, शिंपडा.

आता फांदी लावायची की बी, ते तुम्ही ठरवा. फांदी लावलीत तर काकूंच्या झाडाचा जो रंग, तोच तुमच्या झाडाचा. हुबेहूब! पण बियांचं तसं नसतं. गॅलरीत चार रंगांची झाडं शेजारी शेजारी असतील आणि मधमाशीने भुकटीची अदलाबदल केली असेल, तर गुलाबी फुलाच्या बोंडीतून कोणता रंग निघेल, ते काकूंनाही सांगता येणार नाही. पहिली कळी उमलेपर्यंत थांबायचं. तोवर घरात पैजा लावा. आजोबा पिवळा म्हणतील, ताई केशरी म्हणेल. तुमचा रंग कुठला?